चोरीला गेलेली आग

१

टायरच्या गोदामाला लागलेली आग चोरीला गेली होती.

मावशीने हे वाक्य भाचीकडून दोनदा वदवून घेतलं. विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात तिची उभी हयात गेली होती. आगीत गेलेला माल, आगीच्या आदल्या दिवशीच हलवलेला माल, मुळात कधी नव्हताच असा माल, सगळं तिने पाहिलं होतं. पण खुद्द आगच गेली, असा दावा घेऊन तिच्या दारात आजवर कोणी आलं नव्हतं.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "आणि आधी नाक पूस."

भाची शहराच्या हवा-विभागात आकडे बघायची. शहरात ठिकठिकाणी बसवलेली यंत्रं दिवसरात्र हवा ओढतात आणि दर तासाला तिच्यातली धूळ मोजतात. एका तासाच्या आकड्याने काही कळत नाही. अशा आकड्यांची वर्षंच्या वर्षं एकमेकांपुढे मांडायची, आणि शहराची हवा सुधारते आहे की बिघडते आहे ते एका रेषेत दाखवायचं, हे भाचीचं काम. ते ती मन लावून करायची. निदान कालपर्यंत तरी सगळे असंच म्हणत होते.

आता वाद पेटला होता तो मुलांच्या हॉस्पिटलसमोरच्या रस्त्यावरून. काही वर्षांपूर्वी त्या रस्त्यावर जड ट्रकना बंदी घातली होती. ट्रकमालकांचं म्हणणं असं, की बंदीने हवेत काडीचा फरक पडलेला नाही, तेव्हा ती उठवा. पंचाईत ही, की भाचीची रेषाही तेच सांगत होती. बंदीच्या आधी जशी, तशीच बंदीच्या नंतर. सपाट. सोमवारी पालिकेच्या सभेत ती रेषा ठेवायची होती.

"आणि परवा हॉस्पिटलातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला," भाची म्हणाली. "म्हणाल्या, खूप वर्षांपूर्वी गोदामाला आग लागली होती त्या दोन दिवसांचे आकडे द्या. तेव्हा किती मुलं धापा टाकत आली होती ते त्यांना ताडून बघायचं होतं. मी फाईल उघडली, तर ते दोन दिवस नाहीतच! रिकामे! साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, फाईलची किल्ली तुमच्याकडे असते. कुंपणानेच शेत खाल्लं असं समजायचं का आम्ही? सोमवारच्या आत कोणाचं काम आहे ते सांगा, नाहीतर निलंबनाचा कागद तयार आहे."

मावशीने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. ती आग तिला चांगली आठवत होती. दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्या राखेत उभी होती, आणि पुढे आठवडाभर शिंकलं की रुमाल काळा होत होता. या मुलीची आई गेली तेव्हापासून मावशीनेच तिला वाढवलं होतं. तिच्या पोरीला कोणी चोर म्हणावं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"तुझं दर महिन्याचं काम काय असतं ते सांग मला. अडाण्याला सांगतेस असं समज."

"सोपं आहे गं. माझ्याआधी या जागेवर प्रोफेसर सर होते, त्यांनीच संगणकातल्या कप्प्यांवर क्रमाने लिहून ठेवलंय. जोड, निवड, तपास. दर महिन्याला नवे आकडे जोडायचे, निवडून घ्यायचे, मग रेषा तपासायची. एक महिना चुकवला नाही मी."

"बरं. आणि फाईलमधून फक्त आगच गेली? का आणखी काही?"

भाचीने हे बघितलंच नव्हतं. घाबरलेला माणूस जे हरवलं तेवढंच शोधतो, हे मावशीला धंद्यातून माहीत होतं. तिने पोरीला ऑफिसात परत पाठवलं. संध्याकाळी भाचीचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज वेगळाच लागला होता.

"मावशी, संपाचा दिवससुद्धा गेलाय."

२

संपाचा दिवस म्हणजे शहरातली झाडून सगळी वाहनं बंद होती तो दिवस. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि लोक गच्चीवर जाऊन लांबचे डोंगर बघत होते. इतका स्वच्छ दिवस शहराच्या वाट्याला पुन्हा आला नाही.

मावशीला हे विचित्र वाटलं. चोर घरात शिरला आणि सोनं घेऊन गेला, हे समजतं. पण सोन्याबरोबर केरही घेऊन गेला, तर तो कसला चोर? जुनी हवा चांगली होती असं भासवायचं, तर घाणेरडे दिवस काढावेत. वाईट होती असं भासवायचं, तर स्वच्छ दिवस काढावेत. दोन्ही काढणाऱ्याला नक्की हवं तरी काय?

शुक्रवारी सकाळी ती साहेबांना भेटली. साहेबांच्या खोलीत खिडक्या बंद, कुंड्यांत झाडं, आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र गुरगुरत होतं. शहराच्या हवेचा प्रमुख स्वतः ती हवा घेत नाही, हे बघून मावशीला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

"सपाट रेषा तुम्हाला सोयीचीच म्हणायची," ती सहज म्हणाली. "कोणाशी भांडण नको, काही नको."

"मॅडम, मला राजकारण कळत नाही, आकडेही फारसे कळत नाहीत," साहेब कंटाळून म्हणाले. "मला सह्या कळतात. फाईल मी आजवर उघडलेली नाही. किल्ली म्हणजे तो शब्द, तोही मला पाठ नाही. तुमच्या भाचीला विचारावा लागतो."

हे खरं असावं. आपल्याला कळत नाही अशी कबुली देऊन कोणी खोटं बोलत नाही, खोटं बोलणाऱ्याला सगळं कळत असतं.

"पण जुन्या फाईलीत भोकं असायचीच हो," साहेब पुढे म्हणाले. "जुनी यंत्रं, कधी चालू कधी बंद. सगळ्यांना माहीत आहे. त्या यंत्रवाल्याला विचारा."

यंत्रवाला हॉस्पिटलच्याच गच्चीवर सापडला. तिथे पत्र्याची एक खोली होती, खोलीच्या छपरातून वर गेलेली नळी, आणि आत पंपाची न थांबणारी घरघर. हा गडी पाय पसरून बसला होता. मावशीला बघून त्याने पाय आवरले, पण हसू आवरलं नाही.

"भाचीबाईंनी चोरी केली? अहो, त्या टाचणी उचलली तरी चिठ्ठी ठेवून जातील!"

"यंत्रं बंद पडायची, असं साहेब म्हणतात."

"जुनं यंत्र होतं ना, ते दमेकरी होतं. आठवड्यात एकदा तरी झोपायचं. पण तीन वर्षांपूर्वी हे नवं आलं, आणि तेव्हापासून एक तास म्हणून चुकलेला नाही. मला इथे काम उरलं नाही, म्हणून तर वजन वाढलंय."

"आगीच्या दिवशी जुनं यंत्र बंद होतं का?"

यंत्रवाल्याचं हसू गेलं. "नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी इथेच होतो, तोंडाला ओलं फडकं बांधून. यंत्र चालू होतं. आकडे बघून मला वाटलं, बिघडलं असेल, इतके वर गेले होते. आग मोजली गेली होती बाई. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

३

म्हणजे आग फाईलमध्ये गेली होती, आणि नंतर कोणीतरी ती काढली होती. फाईलची किल्ली साहेबांना पाठ नव्हती. यंत्रवाल्याला तर संगणकाचं वावडंच होतं. राहता राहिले प्रोफेसर.

प्रोफेसर हे त्यांचं टोपणनाव. ते कधी कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हते, पण बोलायला लागले की समोरच्याला वही काढावीशी वाटायची. भाचीच्या आधी तेच हवा-विभागात आकडे बघत. मग नोकरी सोडून सल्लागार झाले, आणि आता त्यांचे अशील कोण? ट्रकमालक! सोमवारच्या सभेत सपाट रेषा हातात धरून उभे राहणार होते ते हेच.

घर नीटनेटकं होतं. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. खुर्चीवर एक लठ्ठ मांजर झोपलं होतं, त्याला उठवायचं प्रोफेसरांच्या जिवावर आलं, म्हणून ते स्वतः उभे राहिले.

"आग नाही?" त्यांनी भुवया उंचावल्या. "काही तास नसतील. सगळी गेली असेल तर आश्चर्य आहे."

"काही तास का नसतील?"

"कारण ते मीच काढले असतील." त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं, की मावशीला चहाचा कप खाली ठेवावा लागला. "नळीत कोळी शिरतो. कोणीतरी यंत्राखाली उभं राहून विडी ओढतं. मग यंत्र भलतेच आकडे देतं. म्हणून प्रत्येक वर्षातल्या दर हजार आकड्यांमागे सगळ्यात वरचा एक आणि सगळ्यात खालचा एक आकडा सोडून द्यायचा. जगभर असं काहीबाही करतात. त्यात दोन-चार खरेही जातात, पण रेषेला धक्का लागत नाही. मी जाताना सगळं लावून ठेवलं होतं. जोड, निवड आणि तपास. तीन कप्पे, कोणी नवीन आलं तरी गोंधळ नको म्हणून."

मावशीच्या कानाला काहीतरी खटकलं. हेच तीन शब्द तिने काल भाचीच्या तोंडून ऐकले होते. शब्द तेच होते, पण चाल वेगळी होती. काय वेगळं होतं, ते मात्र तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

"आणि आता तुम्ही ट्रकवाल्यांच्या बाजूने," ती म्हणाली.

"मी रेषेच्या बाजूने," प्रोफेसर जरा तापले. "रेषा सपाट आहे. ती उतरती असती तर मी त्यांचं काम घेतलंच नसतं. लोक म्हणतात, पूर्वी हवा कशी छान होती. जुनं ते सोनं! मला ते कधी खरं वाटलं नव्हतं. पण जुनी हवा आजच्याइतकीच चांगली होती असं आकडेच म्हणत असतील, तर मी कोण वाद घालणारा?"

निघताना तिने फाईलच्या किल्लीचा विषय काढला. त्यांनी नोकरी सोडल्यावर विभागाने तो शब्द बदलला होता का, हे भाचीला माहीत नव्हतं.

"बदलला नसेल तर अजून माझ्या मांजराचंच नाव असेल," प्रोफेसर हसून म्हणाले, आणि त्यांनी मांजराला हाक मारली.

मांजराने डोळे उघडले. मावशीने जिना उतरता उतरता भाचीला फोन लावला आणि ते नाव सांगितलं.

"तुला कसं कळलं?" भाचीने विचारलं. "हाच शब्द आहे."

४

भाचीच्या लेखी प्रकरण तिथेच मिटलं होतं. माणूस सापडला, त्याच्याकडे किल्ली सापडली, फायदाही त्याचाच. ती साहेबांना फोन करायला निघाली, तेव्हा मावशीने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. आधी मला सांग, ही रेषा तू काढतेस कशी?"

भाचीने संगणक उघडला. शिकवायला मिळालं की ती स्वतःचं दुःख विसरायची.

"वारा पडला की धूळ साचते, पाऊस आला की बसते. ते काही शहराचं कर्तृत्व नाही. म्हणून आधी हवामानाचा वाटा बाजूला काढायचा. मग थंडीचा महिना थंडीच्याच महिन्याशी तोलायचा, उन्हाळ्याचा उन्हाळ्याशी. कोणतीही दोन वर्षं घे आणि बघ, हवा दरवर्षी किती चढली किंवा उतरली. अशा सगळ्या जोड्या लावायच्या, ओळीत उभ्या करायच्या, आणि बरोबर मधोमध जी उभी असेल ती खरी चाल मानायची. म्हणजे एखाद-दुसरं वेडं वर्ष आलं तरी रेषा भुलत नाही."

"छान. आता धुळीची रेषा राहू दे. मला भोकांची रेषा काढून दे."

"कसली?"

"कुठल्या वर्षात किती तास हरवलेत, त्यांची रेषा. चोराला माल कुठे गेला ते विचारून उपयोग नसतो चिमे, तो भिंत कुठे फोडतो ते बघावं."

भाचीने कधीही कोणी काढायला न सांगितलेली ती रेषा काढली, आणि दोघी पडद्याकडे बघत राहिल्या.

जुन्या सगळ्या वर्षांत भोकं सारखीच होती. साहेब म्हणत तसा दोष यंत्राचा असता, तर यंत्र म्हातारं होत गेलं तशी ती वाढायला हवी होती. नवं यंत्र बसलं तिथे एकदम कमी व्हायला हवी होती. तिथे रेषेला साधा हिसकासुद्धा बसला नव्हता. एक तासही चुकवत नाही असं ते यंत्र, त्याच्या काळातही भोकं होतीच.

पण त्याच्या खूप आधी, एका जागी, रेषेने वळण घेतलं होतं. तिथून ती जिना उतरावा तशी हळूहळू खाली येत होती. दर महिन्याला एक बारीक पायरी, थेट या महिन्यापर्यंत.

"इथे काय झालं?" मावशीने वळणावर बोट ठेवलं.

भाचीने तारीख बघितली आणि टाळी वाजवली. "इथे प्रोफेसर सर गेले! तोच महिना! मी म्हटलं नव्हतं?"

"त्यांनी जाताना सगळं उपटलं असतं, तर पुढच्या वर्षांत भोकं पडलीच नसती."

"म्हणजे ते बाहेरून येतात अजून! मांजराचं नाव घालून! दर महिन्याला येतात आणि जुन्यातलं, नव्यातलं, सगळ्यातलं थोडंथोडं काढून नेतात. जी वर्षं जुनी, त्यांच्यावर जास्त वेळा हात फिरला. आता तरी करू का फोन?"

मावशीने मान हलवली. दर महिन्याला, इतकी वर्षं, एकदाही न चुकता. इतक्या नेमाने चोर येत नाही. इतक्या नेमाने नोकरदार येतो.

"उद्यापर्यंत कोणालाही फोन करायचा नाही," ती म्हणाली.

भाचीला वाटलं, मावशी दमली असेल. प्रोफेसर गेले त्याच महिन्यात त्या जागेवर कोण आलं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. मावशीला तो पडला होता, आणि त्याचं उत्तरही तिला माहीत होतं. त्या दिवशी तिनेच शेजाऱ्यांना पेढे वाटले होते.

५

शनिवारी सकाळी मावशी निवून गेलेल्या चहापुढे बसून राहिली. साहेबांना एक फोन केला असता, मांजराचं नाव सांगितलं असतं, की काम झालं असतं. बाकीचं त्यांनीच जुळवलं असतं. ट्रकवाल्यांच्या माणसाबद्दल सभेत कोणाला दया येणार होती? चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तर जगात रोजच चालतं. आणि इथे तर चोरही नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, पण त्या लाजेनेही हात फोनवरून लगेच निघाला नाही.

शेवटी ती उठली. परातीत थोडं धान्य काढलं, स्वतः नीट निवडलं, आणि आंघोळ करून आलेल्या भाचीपुढे ठेवलं.

"हे निवड."

भाची लहानपणापासूनच्या सवयीने मांडी घालून बसली. चारदोन दाणे तिने बाजूला काढले. "झालं."

"पुन्हा निवड."

तिने पुन्हा चारदोन काढले.

"अजून एकदा."

"मावशी, काय चाललंय तुझं?" असं म्हणत तिने तिसऱ्यांदाही काही दाणे बाजूला केले.

"परात तुझ्यापुढे ठेवली तेव्हा तिच्यात एकही खडा नव्हता," मावशी म्हणाली. "मीच निवडलं होतं. मग तू तीन वेळा काढलंस काय?"

भाचीने बाजूच्या ढिगाकडे बघितलं. "जरा लांबट होते ते. जरा बारके."

"दाणेच होते ना? वर्गातल्या शेवटच्या मुलाला हाकललं, तर दुसरा कोणीतरी शेवटचा होतोच. पहिल्यालाही हाकललं, तर दुसरा पहिला होतो. दर महिन्याला असं केलंस तर वर्गात उरतील कोण? मधले. ना आग, ना संप." मावशी तिच्याजवळ खाली बसली. "चिमे, प्रोफेसरांनी कप्प्यावर 'निवड' लिहिलं. तू ते कसं वाचलंस?"

"निवड, म्हणजे निवडून घे. जोड म्हणजे जोडून घे. तपास म्हणजे तपासून बघ. काय करायचं तेच लिहिलंय की त्यांनी क्रमाने."

"त्यांनी काय करायचं ते लिहिलं नव्हतं. कशात काय आहे ते लिहिलं होतं. जोड म्हणजे पुरवणी. तपास म्हणजे तपासाचा निष्कर्ष. आणि निवड म्हणजे निवडून झालेलं. त्यांच्या तोंडी ती नावं होती. तुझ्या तोंडी ते हुकूम झाले."

भाचीचा हात परातीतच राहिला होता. मावशीने आयुष्यात पुष्कळ माणसांचे चेहरे अशा क्षणी बघितले होते. सगळे आधी नाकारतात, मग चिडतात, मग दुसऱ्याचं नाव घेतात. भाचीने यातलं काहीही केलं नाही. तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले, आणि तशीच ती बोलत सुटली.

"नवे आकडे निवडलेल्यात मिसळायचे आणि सगळंच्या सगळं पुन्हा निवडायचं. असंच करत आले मी. धूळ वरच्या बाजूला फार उंच जाते, खालच्या बाजूला तेवढी खोल जात नाही. म्हणून दोन्हीकडून सारखं छाटलं तरी सरासरी खालीच येते. जुनी वर्षं जास्त वेळा छाटली गेली, म्हणून ती खोटीच स्वच्छ झाली. बंदी आली माझ्यामागून वर्षभराने. तिच्या आधीची हवा मी धुऊन काढली, मग नंतरची तिच्यापेक्षा चांगली दिसणार कशी?" तिने डोळे पुसले. "रेषा सपाट नाहीये मावशी. मी ती सपाट केली. निवडायच्या आधीचे, कच्चे आकडे अजून कुठे शिल्लक आहेत का?"

नोकरीचं काय होणार, हे तिने विचारलंच नाही.

कच्चे आकडे शिल्लक होते, ते यंत्रवाल्याच्या आळसामुळे. यंत्रातलं कार्ड भरलं की पुसून पुन्हा वापरायचं, असा नियम होता. पुसत कोण बसणार, म्हणून हा दरवेळी नवं कार्ड मागून घ्यायचा आणि जुनं बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. रविवारी सकाळी तो डबा घेऊन आला, आणि साहेबांना हे कळू देऊ नका म्हणून दोघींना हात जोडले.

६

सभेच्या आधी साहेबांनी भाचीला बाजूला घेतलं. सगळं ऐकून त्यांनी आधी कपाळ पुसलं, आणि मग त्यांना युक्ती सुचली.

"संगणकात बिघाड झाला होता, असं म्हणू. दुरुस्त झाला, ही नवी रेषा. तुमचं नाव नको, माझं नको."

"कोण विश्वास ठेवील, साहेब?" भाची म्हणाली. "मागच्या आठवड्यात सपाट होती आणि आज उतरली, आणि मध्ये फक्त बिघाड? मी त्यांच्या जागी असते तर हसले असते. नेमकं काय चुकलं ते सांगितलं, तरच ही रेषा उभी राहील. आणि ते मलाच सांगता येईल, कारण केलं मी."

मावशी शेवटच्या रांगेत बसली होती. भाची उभी राहिली तेव्हा तिचा आवाज स्थिर होता. तिने दोन्ही रेषा दाखवल्या. कच्च्या आकड्यांमध्ये आग होती, डोंगरासारखी उभी. संप होता. तिने त्यांच्यावर चाळण एकदाच लावली होती, आणि अजिबात न लावताही मांडून बघितलं होतं. दोन्हीकडे बंदीच्या वर्षापासून रेषा खाली येत होती. मग तिने तीन शब्द फळ्यावर लिहिले, आणि एक शब्द आपण कसा वाचला ते सांगितलं. सभागृहात कोणीतरी हसलं. ती थांबली, आणि हसणं संपल्यावर पुढे बोलायला लागली.

"आणि आम्ही आता तुमच्यावर का विश्वास ठेवायचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"ठेवू नका. कच्चे आकडे इथे ठेवलेत. प्रोफेसर सरांना मांडू द्या. ते दुसऱ्या बाजूचे आहेत."

प्रोफेसरांनी आकडे घेतले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले. सभा दुसऱ्या विषयांकडे वळली, गटारं झाली, दिवे झाले. मावशीचं लक्ष कशातच नव्हतं. मग प्रोफेसर उठले. ट्रकमालक पुढच्या रांगेतून त्यांच्याकडे आशेने बघत होते.

"रेषा उतरती आहे," ते म्हणाले. "मी तीन तऱ्हांनी मांडली, तिन्ही वेळा उतरली. बंदीविरुद्ध माझ्याकडे दुसरा मुद्दा नाही, तेव्हा मी खाली बसतो. फक्त एक नोंद करा. त्या कप्प्यावर मी 'निवडलेले' असं लिहायला हवं होतं. तीन अक्षरं वाचवायच्या नादात शहराची दहा वर्षांची हवा गेली असती."

"दोन अक्षरं, सर," भाचीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली. या वेळी सगळंच सभागृह हसलं, प्रोफेसरही.

बंदी राहिली. जिन्यावर साहेबांनी भाचीला गाठलं आणि बढतीचा विचार यंदा सोडून द्या, असं सांगितलं. ताकीदपत्र मिळेल. "आणि उद्या वेळेवर या. ती कार्डं उतरवून घ्यायचीत सगळी, दुसरं कोण करणार?" असं म्हणून ते तरातरा पुढे गेले.

मावशी-भाची पायीच निघाल्या. हॉस्पिटलसमोर आल्यावर भाचीने तिचा हात धरला.

"मावशी, खरं सांग. प्रोफेसरांच्या माथी मारावं, असं एकदाही तुझ्या मनात आलं नाही?"

"आलं होतं ना. शनिवारी सकाळी. फोनवर हात होता माझा."

भाची चालता चालता थांबली. "मग का नाही मारलंस?"

"अगं, मारलं असतं. पण तू कधी ना कधी सगळं पुन्हा मांडून बघितलं असतंस," मावशी म्हणाली, "आणि मला पकडलं असतंस."